गाडीच्या इग्निशन प्रणालीतील सेन्सर आणि स्विच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांविषयी आहेत. वाहनदुरुस्ती शिकवताना विद्यार्थ्यांनी आणि गाडीमालकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांतले निवडक येथे घेतले आहेत. डिझेल गाड्यांविषयी शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

इग्निशन प्रणालीचे नेमके काम कोणते?

सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाला योग्य क्षणी ठिणगी देणे, एवढेच तिचे काम आहे. ठिणगी पाडणे त्या मानाने सोपे असते. योग्य क्षण साधणे अवघड असते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा, एक फेरा अवघ्या २० मिलिसेकंदांत पूर्ण होतो, म्हणजे एक अंश फिरायला सुमारे ५६ मायक्रोसेकंद लागतात. मिश्रणाला पूर्ण पेट घेण्यासाठी मात्र दोनएक मिलिसेकंद हवे असतात आणि तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट ३६ अंश पुढे गेलेला असतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या आधीच ठिणगी द्यावी लागते. किती आधी, हे इंजिनाचा वेग, त्यावरचा भार आणि त्याचे तापमान यांवर ठरते.

प्रणालीतले सगळे सेन्सर आणि सगळे स्विच दोनच प्रश्नांची उत्तरे देत असतात. सेन्सर ‘आत्ता काय स्थिती आहे’ हे सांगतात आणि स्विच ‘परवानगी आहे का’ हे सांगतात. गाडी सुरू होत नसेल, तर या दोनपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळेनासे झाले आहे, हे आधी ठरवले की निम्मा शोध संपतो.

बारा व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्टची ठिणगी कशी येते?

इग्निशन कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यात जाड तारेचे थोडे वेढे असतात, तर दुसऱ्यात केसासारख्या बारीक तारेचे त्याच्या सुमारे शंभरपट. पहिल्या वेटोळ्यातून काही मिलिसेकंद प्रवाह वाहू दिला की गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि तो प्रवाह एकदम तोडला की ते क्षेत्र कोसळताना दुसऱ्या वेटोळ्यात २० ते ४० हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो. ठिणगी प्रवाह सुरू होताना नव्हे, तर तुटताना पडते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात राहत नाही.

प्रवाह तोडण्याचे हे काम पूर्वी यांत्रिक स्विच करत असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बॅटरीवर चालणारी ही पद्धत व्यवहारात आणली आणि पुढची सहा-सात दशके ती जवळजवळ जशीच्या तशी टिकली. आपल्याकडच्या पद्मिनी आणि अॅम्बेसेडर गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरमधले ‘पॉइंट’ म्हणजे तोच स्विच होता. फिरत्या शाफ्टवरचा उंचवटा पॉइंट उघडायचा, शेजारचा छोटा कंडेन्सर तिथली ठिणगी शोषून घ्यायचा आणि कॉइलचा प्रवाह झटक्यात तुटायचा. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर असे आणि ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने, अंदाजाने लावणारे उस्ताद गावोगाव होते. झीज झाली की फट बदलायची आणि फट बदलली की ठिणगीची वेळही सरकायची. आता हा प्रवाह ट्रान्झिस्टर तोडतो आणि केव्हा तोडायचा हे त्याला इंजिनाचा संगणक, म्हणजे इसीयू, सांगतो.

किल्ली फिरवल्यावर स्विचच्या आत काय घडते?

चारचाकीच्या इग्निशन स्विचचे दोन भाग असतात. पुढचा भाग म्हणजे किल्लीचे कुलूप. त्याच्या मागे जोडलेला विजेचा भाग हा खरा स्विच. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मिळतात आणि वेगवेगळ्या बिघडतात, त्यामुळे किल्ली सहज फिरते म्हणून स्विच चांगला आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

विजेच्या भागात बॅटरीची एक कायम जिवंत वायर येते. जर्मन पद्धतीच्या खुणांमध्ये तिला ३० क्रमांक असतो. किल्ली पहिल्या टप्प्यावर आली की रेडिओसारख्या सोयींना वीज मिळते. दुसऱ्या टप्प्यावर १५ क्रमांकाची वायर जिवंत होते आणि इसीयू, कॉइल, इंधनपंपाचा रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच) व डॅशबोर्डवरचे दिवे यांना पुरवठा सुरू होतो. तिसऱ्या, स्प्रिंगने परत येणाऱ्या टप्प्यावर ५० क्रमांकाच्या वायरीतून स्टार्टरच्या सोलेनॉइडला आदेश जातो. सेल्फ मारताना रेडिओ बंद पडतो, तो बिघाड नव्हे. स्टार्टरला पूर्ण ताकद मिळावी म्हणून त्या क्षणापुरते सोयींचे सर्किट मुद्दाम तोडलेले असते. इग्निशनचे सर्किट मात्र या टप्प्यावरही जोडलेले राहिले पाहिजे, नाहीतर स्टार्टर फिरेल पण ठिणगी पडणार नाही.

स्टार्टर मोटर शंभराहून अधिक अँपिअर ओढते आणि तेवढा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून कधीच जात नाही. स्विच फक्त हुकूम देतो, ओझे रिले किंवा सोलेनॉइड उचलतो.

सेल्फ मारताना इंजिन सुरू होते, पण किल्ली सोडताच बंद पडते. असे का?

हे लक्षण जवळजवळ बोट दाखवून सांगते की स्विचच्या दुसऱ्या टप्प्याचा संपर्क झिजला आहे. तिसऱ्या टप्प्यावर इग्निशनला वेगळ्या पातीतून वीज मिळत होती, म्हणून इंजिन पेटले. किल्ली परत आली, तिथली काळवंडलेली पाती जोडली गेली नाही आणि इंजिन विझले. खात्री करायची असेल तर किल्ली दुसऱ्या टप्प्यावर ठेवून अगदी हलकेच मागेपुढे हलवावी. डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकले तर संशयाला आधार मिळतो. इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखण्यासाठी किल्लीतली चिप तपासणारी यंत्रणा, किल्ली ओळखत नसेल तेव्हाही काही गाड्या सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतात. मात्र त्या वेळी किल्लीच्या चित्राचा दिवा बहुधा लुकलुकत असतो.

इग्निशन स्विच घरच्या मल्टिमीटरने तपासता येतो का?

येतो, आणि त्यासाठी स्विच उघडण्याचीही गरज नाही. बॅटरीचा व्होल्टेज आधी मोजावा, विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवा. नंतर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या अधिक बाजूला आणि दुसरे टोक स्विचमधून कॉइलकडे किंवा फ्यूजपेटीकडे जाणाऱ्या वायरीला लावावे, आणि किल्ली ‘ऑन’ करावी. मीटरवर दिसणारा आकडा म्हणजे वाटेत गळालेला व्होल्टेज. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वाट मोकळी आहे. एक-दीड व्होल्ट दिसत असेल तर स्विच, कपलर (वायरी एकमेकींत खोचून जोडणारा भाग) किंवा मधला एखादा सांधा वीज खातो आहे आणि लवकरच गरम होऊन वितळणार आहे. हीच तपासणी अर्थच्या बाजूनेही करावी, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये, आणि तीही स्टार्टर फिरत असताना. अर्थची पट्टी गंजल्यामुळे होणाऱ्या तक्रारींचे खापर बहुतेक वेळा स्विच आणि सेन्सरवर फुटते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा तो प्रकार होतो.

किल्लीला जड जुडगा लावू नये असे म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

तथ्य आहे, आणि त्याची मोठी किंमत मोजली गेलेली आहे. स्विच प्रत्येक टप्प्यावर घट्ट बसावा म्हणून आत एक छोटी खुंटी असते. स्प्रिंग तिला खाचेत दाबून धरते. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने शेव्हरले कोबाल्टसारख्या काही मॉडेलांमध्ये बसवलेल्या स्विचमध्ये हा दाब ठरवलेल्या मापापेक्षा कमी होता. जड जुडग्याचा झोका, रस्त्यावरचा खड्डा किंवा चालकाच्या गुडघ्याचा धक्का एवढ्याने किल्ली धावत्या गाडीतच ‘ऑन’वरून सोयींच्या टप्प्यावर घसरायची. इंजिन बंद व्हायचे, पॉवर स्टिअरिंग जड व्हायचे आणि सगळ्यांत घातक म्हणजे त्यापाठोपाठ धडक झाली तर एअरबॅग उघडत नसत, कारण त्यांचा संगणक त्याच सर्किटवर अवलंबून होता. २०१४ मध्ये कंपनीने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या आणि तिच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. मधल्या काळात स्विचमध्ये सुधारणा झाली होती, पण सुट्या भागाचा क्रमांक बदललेला नव्हता. त्यामुळे जुन्या गाड्यांत दोष आणि नव्यांत नाही, हे कोडे तपास करणाऱ्यांना लवकर सुटले नाही.

एका स्प्रिंगचा हा हिशेब आहे. घराच्या, कपाटाच्या आणि दुकानाच्या किल्ल्या वेगळ्या ठेवाव्यात. गाडीच्या किल्लीला गाडीचीच किल्ली पुरे.

क्रँक सेन्सर म्हणजे काय आणि तो कसा मोजतो?

क्रँकशाफ्टची स्थिती आणि वेग सांगणारा हा सेन्सर बंद पडला, तर बहुतेक गाड्या सुरूच होत नाहीत, कारण इसीयूला घड्याळच उरत नाही. क्रँकशाफ्टबरोबर फिरणारे एक दातेरी चाक असते. पुष्कळ चारचाकींत त्यावर ६० दात्यांची जागा आखलेली असते आणि त्यांतले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. प्रत्येक दाता म्हणजे सहा अंश. ५८ दाते एका लयीत सेन्सरसमोरून जातात, मग एक लांब पोकळी येते, आणि ती पोकळी आली की फेरा कुठे सुरू झाला हे इसीयूला कळते. तबलजीने समेवर मान हलवावी, तसेच हे आहे. बाकीच्या मात्रा त्या समेपासून मोजायच्या.

सेन्सर दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत कायम चुंबकाभोवती गुंडाळलेली तार असते. लोखंडी दाता जवळून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि तारेत स्वतःहून वीज निर्माण होते. त्याला बाहेरून पुरवठा लागत नाही, वायरी बहुधा दोनच असतात, आणि मल्टिमीटरने रोध मोजला तर तो काहीशे ओहमपासून हजार-दीड हजार ओहमपर्यंत येतो. त्याची एक खोड आहे : वेग कमी असेल तर त्याचा व्होल्टेजही कमी असतो. बॅटरी उतरलेली असताना स्टार्टर संथ फिरतो, सेन्सरचा आवाज इसीयूपर्यंत पोहोचत नाही आणि ठिणगी पडत नाही. अशा वेळी सेन्सर बदलून उपयोग नसतो, बॅटरी चार्ज करावी लागते. सेन्सर आणि दाते यांच्यातली फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते. टोकाला लोखंडी कीस चिकटला तरी लय बिघडते.

दुसरी जात हॉल सेन्सरची. एडविन हॉल या अमेरिकी संशोधकाने १८७९ मध्ये दाखवून दिले, की प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर चुंबकीय क्षेत्र आडवे आले तर पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज तयार होतो. त्या तत्त्वावर चालणाऱ्या या सेन्सरला तीन वायरी असतात : पुरवठा, अर्थ आणि संकेत. तो संथ वेगातही स्वच्छ चौकोनी संकेत देतो. मात्र त्याच्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असल्यामुळे ओहममध्ये मोजून त्याच्याविषयी काहीच कळत नाही. कपलर काढून पुरवठ्याचे पाच किंवा बारा व्होल्ट येतात का आणि अर्थ नीट आहे का, हे पाहावे. त्यानंतर कपलर जोडून, इंजिन हळू फिरवताना संकेताच्या वायरीवर व्होल्टेज वरखाली होतो का, ते पाहावे.

गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. दोष कुठे शोधावा?

क्रँक सेन्सरच्या आतली बारीक तार किंवा तिचा जोड तापल्यावर प्रसरण पावून सुटतो आणि निवल्यावर पुन्हा जुळतो, हे या तक्रारीचे एक नेहमीचे कारण आहे. इंजिन चालू असताना टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा एकदम शून्यावर पडतो आणि सेल्फ मारतानाही तो हलत नाही, ही खूण पाहून ठेवावी. बहुतेक गाड्यांत टॅकोमीटरला माहिती याच सेन्सरकडून मिळते.

माझीच गाडी एकदा खंबाटकी घाटात, मे महिन्याच्या दुपारी, अशी बंद पडली होती. एका गॅरेजने इंधनपंप बदलला आणि पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा थांबली. दुसऱ्या गॅरेजने कॉइल बदलली. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ती निवलेली असे आणि तपासणीत शहाण्यासारखी वागे. शेवटी सेन्सर बाहेर काढून, मल्टिमीटर जोडून, घरातल्या केस वाळवण्याच्या यंत्राने त्यावर गरम हवा सोडली. सुरुवातीला ८६० ओहम दाखवणारा मीटर तीन-चार मिनिटांत थरथरला आणि मग एकदम अनंतावर गेला. पंखा लावून निववल्यावर आकडा परत आला. बदललेल्या पंपाचे आणि कॉइलचे पैसे अर्थातच परत आले नाहीत. ही चाचणी फक्त दोन वायरींच्या, तारेच्या सेन्सरलाच लागू पडते, हे लक्षात ठेवावे.

क्रँक सेन्सर असताना कॅम सेन्सर कशासाठी?

चार टप्प्यांच्या इंजिनाचे एक चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पूर्ण होते. पिस्टन त्यात दोनदा वर येतो. एकदा मिश्रण दाबण्यासाठी आणि एकदा जळालेला वायू बाहेर ढकलण्यासाठी. क्रँक सेन्सरला पिस्टन वर आल्याचे कळते, पण तो कोणत्या कामासाठी आला आहे हे कळत नाही. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, निम्म्या वेगाने, म्हणजे चक्राला एकदाच फिरतो, त्यामुळे त्याच्यावरचा सेन्सर हा फरक सांगू शकतो. तो बिघडला तर पुष्कळ गाड्या चालू राहतात. सुरू व्हायला वेळ लागतो आणि पिकअप थोडा मंदावतो. एक सिलिंडरच्या बऱ्याच दुचाकींत कॅम सेन्सर नसतोच. तिथे दोन्ही वेळा ठिणगी दिली जाते, दुसरी फुकट जाते, आणि त्याने काही बिघडत नाही.

दुचाकीतली पल्सर कॉइल आणि क्रँक सेन्सर एकच का?

काम एकच. मॅग्नेटच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या बाहेरच्या कडेवर उंचवटा असतो आणि तो समोरून गेला की पल्सर कॉइल संकेत देते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत बहुधा एकच उंचवटा असे आणि त्या संकेतावर सीडीआय नावाचा इलेक्ट्रॉनिक डबा ठिणगी पाडत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली, जवळजवळ सर्व दुचाकींत इंधन इंजेक्शन आले, आणि कडेवर अनेक उंचवटे व एक गाळलेली जागा अशी चारचाकीसारखीच रचना दिसू लागली. मेकॅनिक लोकांच्या तोंडी नाव मात्र पल्सरच राहिले आहे आणि ते बदलण्याचे काही कारणही नाही.

जुन्या दुचाकीत रोध शंभर ते तीनशे ओहमच्या दरम्यान मिळतो, तरी त्या-त्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत पाहावा. या कॉइलच्या दोन वायरी कधीही उलट जोडू नयेत. तसे केले तर संकेताचा अधिक आणि ऋण भाग उलटतो, ठिणगीची वेळ सरकते, आणि गाडी किक उलट मारते किंवा सायलेन्सरमधून फटाके फोडते.

नॉक सेन्सर काय ऐकतो?

ठिणगीने लावलेली ज्योत पसरत असतानाच उरलेले मिश्रण स्वतःहून भडकले, तर सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा उसळतात आणि खड्यांनी भरलेला डबा हलवल्यासारखा आवाज येतो. चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की तो ऐकू येतो. नॉक सेन्सर हा इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेला स्फटिक असतो. दाब पडला की वीज निर्माण करण्याचा काही स्फटिकांचा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला होता. तोच येथे कामी येतो. काही हजार हर्ट्झच्या ठरावीक कंपनांवर इसीयू कान ठेवतो, कोणत्या सिलिंडरच्या वेळेला आवाज आला ते क्रँक सेन्सरवरून ताडतो, ठिणगी काही अंश उशिरा देतो आणि आवाज थांबला की हळूहळू पूर्ववत आणतो.

हा सेन्सर किती घट्ट बसवायचा, यावर त्याचे ऐकणे अवलंबून असते. पुष्कळ गाड्यांत २० न्यूटन-मीटरच्या आसपास बळ सांगितलेले असते. हाताच्या अंदाजाने आवळलेला, खाली वॉशर टाकलेला किंवा गंजावर बसवलेला सेन्सर बहिरा तरी होतो किंवा नसलेले आवाज तरी ऐकतो. तो निकामी झाल्याचे इसीयूला कळले, की सुरक्षिततेसाठी ठिणगी कायमच उशिरा दिली जाते. गाडी बंद पडत नाही. फक्त ओढ कमी होते आणि मायलेज घसरते, त्यामुळे मालक महिनोन्महिने पेट्रोलपंपाला दोष देत राहतो.

तापमान, थ्रॉटल आणि हवेच्या दाबाचे सेन्सर इग्निशनमध्ये मोडतात का?

ठिणगी केव्हा द्यायची हे ठरवताना त्यांचेही मत घेतले जाते, एवढ्यापुरते मोडतात. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर थंडीत दोन-तीन हजार ओहम आणि इंजिन तापल्यावर काहीशे ओहम रोध दाखवतो. थ्रॉटलचा सेन्सर सामान्यतः अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत चढतो, आणि मध्ये कुठे खंड पडला तर पाय दाबताना गाडी आचका देते. इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर इंजिनावर किती भार आहे ते सांगतो. भार कमी असेल तर मिश्रण विरळ असते, सावकाश जळते, म्हणून ठिणगी लवकर द्यावी लागते.

किल स्विच, साइड स्टँड आणि क्लच यांचे स्विच कसे काम करतात?

किल स्विच दोन उलट पद्धतींचे असतात आणि येथेच नवशिक्यांचा गोंधळ होतो. मॅग्नेटवर चालणाऱ्या जुन्या सीडीआय गाड्यांत इंजिन बंद करायचे म्हणजे एक वायर अर्थला जोडायची. होंडाच्या रंगपद्धतीत ती काळी, पांढऱ्या पट्ट्याची असते. तिचे आवरण सोलून ती चासीला टेकली तर स्विच कसाही असला तरी ठिणगी पडणार नाही. शंका आली तर ती वायर सीडीआयपासून क्षणभर सोडवून पाहावी; ठिणगी परत आली तर दोष स्विचच्या बाजूला आहे. बॅटरीवर चालणाऱ्या आजच्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करायचे म्हणजे पुरवठा तोडायचा, त्यामुळे तिथे तुटलेली वायर आणि बंद स्विच यांचा परिणाम एकच असतो.

साइड स्टँडचा स्विच स्टँडच्या सांध्यापाशी, म्हणजे चिखल उडण्याच्या नेमक्या जागी असतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालते आणि गिअर टाकताच बंद पडते, अशी तक्रार आली की सर्वांत आधी तिकडे पाणी मारावे. पुष्कळ ठिकाणी हा स्विच सरळ ‘डायरेक्ट’ करून दिला जातो. मला ते मान्य नाही. खाली राहिलेला स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला टेकला की गाडी उचलून फेकते, आणि स्विच काही फार महाग नसतो.

क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच आणि चारचाकीतला ब्रेक पेडलचा स्विच हे स्टार्टरचे परवाने आहेत. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागत नसेल आणि क्लच दाबल्यावर सेल्फ लागत असेल, तर दोष कुठे आहे हे दिव्यानेच सांगितले. नव्या दुचाकींत गाडी आडवी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सरही असतो. पडलेली गाडी उभी करून सेल्फ मारत बसण्यापेक्षा किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू करावी. बहुतेक गाड्या तेवढ्यावर ऐकतात.

बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत किल्लीचे सेल संपले तर काय करावे?

घाबरू नये. सेल दूरवरच्या संदेशासाठी असतो. किल्लीतल्या ओळखीच्या चिपला सेल लागत नाही. जवळच्या कॉइलच्या क्षेत्रातूनच ती वीज घेते. म्हणून किल्ली बटणाला टेकवून, किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या खोबणीत ठेवून, ब्रेक दाबून बटण दाबावे. साध्या किल्लीच्या इमोबिलायझरमध्येही कुलपाभोवती अशीच कॉइल असते. एकाच जुडग्यात दोन गाड्यांच्या चिपच्या किल्ल्या असतील तर कधीकधी दोन्ही एकदम बोलू लागतात आणि गाडी कोणाचेच ऐकत नाही.

स्कॅनरने क्रँक सेन्सरचा कोड दाखवला. सेन्सर बदलावा का?

लगेच नाही. पी-०३३५ हा कोड ‘क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे’ एवढेच सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर, कपलर, वायर, दातेरी चाक आणि इसीयू हे सगळे आले. कोडवरून थेट सेन्सरवर उडी मारणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे. कपलर काढून आतल्या पिना हिरव्या पडल्या आहेत का पाहाव्यात, इंजिनाजवळून जाणारी वायर उंदराने कुरतडली आहे का पाहावे, आणि मगच सेन्सरला हात लावावा.

मिसफायरच्या पी-०३०१ ते पी-०३०४ या कोडची गंमत अशी, की ते देणारा वेगळा सेन्सर नसतो. प्रत्येक स्फोटानंतर क्रँकशाफ्ट किंचित वेग घेतो; एखाद्या सिलिंडरच्या वेळेला तो वेग आला नाही, की क्रँक सेन्सरच्याच दात्यांवरून इसीयू ते ओळखतो. त्यानंतर शेजारच्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करून पाहावी. कोडही कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी. जागीच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. ही तपासणी फुकट आहे आणि दहा मिनिटांत होते. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढते.

प्लग बदलताना रोधयुक्त प्लग सांगितला असेल तर तोच घालावा. साधा प्लग ठिणगी देतो, पण त्याचा विद्युत गोंगाट सेन्सरच्या वायरींत शिरतो आणि नसलेले कोड येऊ लागतात.

पावसाळ्यात हे दोष जास्त का येतात?

शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक आहे. धूळ, मीठ आणि तेल मिसळलेले रस्त्यावरचे पाणी मात्र तसे नसते. प्लगच्या कॅपला बारीक तडा असेल तर हजारो व्होल्टचा दाब त्या ओल्या वाटेने इंजिनावर उतरतो. अंधारात बोनेट उघडून पाहिले तर निळसर रेघा दिसतातही. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे कपलरच्या पिना लवकर हिरव्या पडतात. पाणी फवारून इंजिन धुताना कपलर, कॉइल आणि इसीयू यांवर जोराचा झोत मारू नये. कपलरची रबरी वाटी फाटली असेल तर टेप गुंडाळण्यापेक्षा वाटीच बदलावी, कारण टेपच्या आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. किल्लीच्या कुलपात तेल सोडू नये. त्यावर धूळ बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड चांगली.

डिझेल गाडीत यांतले काय असते?

ठिणगी नसते, म्हणून प्लग, कॉइल आणि ठिणगीची वेळ हा भाग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. किल्लीचा स्विच, क्रँक आणि कॅम सेन्सर, इमोबिलायझर व पेडलचे स्विच हे सगळे असते, कारण आजच्या डिझेल इंजिनात इंजेक्टर केव्हा उघडायचा हा प्रश्न तसाच उभा असतो. वेटोळ्याच्या चित्राचा पिवळा दिवा ग्लो प्लगचा, म्हणजे थंड सिलिंडर आधी तापवणाऱ्या प्लगचा. थंडीत तो विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा.

घरी तपासताना कोणती काळजी घ्यावी?

चालू इंजिनावरून प्लगची कॅप उपटून ‘करंट येतो का’ हे पाहण्याची जुनी सवय सोडून द्यावी. झटका बसतोच, शिवाय ठिणगीला वाट मिळाली नाही की वाढलेला व्होल्टेज कॉइलच्या आतले आवरण किंवा इसीयूतला ट्रान्झिस्टर फोडतो. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने चालू इंजिनाच्या कॉइलजवळ वाकूही नये. ठिणगी पाहायचीच असेल तर इंजिन बंद ठेवून वेगळा प्लग कॅपमध्ये बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवावा, तो प्लगच्या उघड्या भोकापासून आणि पेट्रोलच्या नळीपासून दूर धरावा, आणि मगच दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. सेन्सरचा कपलर काढण्यापूर्वी किल्ली बंद करावी. कपलरमध्ये मल्टिमीटरची जाड सुई पुढून खुपसू नये. आतली पिन पसरते, आणि तपासणीच्या आधी नसलेला दोष तपासणीनंतर तयार होतो.